जाळीमागचा उजेड

बोलेरोचं बोनेट वर आहे आणि मिस्त्री तिच्यासमोर उकिडवे बसले आहेत. पुढची जाळी काढून त्यांनी पोत्यावर आडवी ठेवली आहे. क्लिपा आणि स्क्रू एका जुन्या डब्याच्या झाकणात. जाळी निघाल्यावर आतला पसारा उघडा पडतो. मध्ये बोनेटचं लॉक धरून ठेवणारी उभी पट्टी, बाजूला हॉर्न, खाली बंपरमागचा आडवा लोखंडी बीम आणि या सगळ्यामागे एसीचा कंडेन्सर व रेडिएटर. मिस्त्री मोजायची टेप आत घालतात. जाळीच्या पाठीपासून कंडेन्सरपर्यंत जेमतेम चार इंच जागा. हातातला दिवा ते तिथे धरून बघतात, पुन्हा बाहेर काढतात, थोडा खाली धरतात.

"बसतंय," ते म्हणतात. "पर कंडेन्सरच्या म्होरं न्हाई लावायचं. वारा अडतोय."

कोल्हापूरच्या उद्यमनगरातली ही सकाळ. लेथच्या आणि वेल्डिंगच्या दुकानांमध्ये ऑटो इलेक्ट्रिशियनचं हे छोटं दुकान. गाडीचा मालक आजऱ्याकडचा तरुण आहे. नोकरी पुण्यात, घर गावाकडे. शुक्रवारी कामावरून सुटला की रात्रीच निघतो. निपाणीपर्यंत महामार्ग आहे. तिथून उत्तूरमार्गे आजऱ्याकडे वळलं की दिव्यांचे खांब संपतात. "हेडलाइट पुरत नाही असं नाही," तो म्हणाला, "पण उसाचा ट्रॅक्टर अगदी पुढ्यात आल्यावर दिसतो. आई म्हणते, एक तर रात्री येऊ नकोस, नाहीतर दिवे तरी चांगले लाव."

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी 'उजेड' हा विषय सुचवला. पणत्या आणि आकाशकंदील यांवर लिहिणारे बरेच असतील, म्हणून मी रस्त्यावरच्या उजेडाकडे वळलो. गाड्यांना जादा दिवे बसवून घेणाऱ्यांची संख्या डोळ्यांना दिसेल इतकी वाढली आहे, आणि त्या दिव्यांनी आंधळे झाल्यासारखे वाटणाऱ्यांचीही. या दोन्ही गोष्टींचं मूळ मला उद्यमनगरातल्या या चार इंचांच्या जागेत सापडेल असं वाटलं.

दिसतं किती, थांबायला लागतं किती

रात्री डिपरवर, म्हणजे हेडलाइटच्या खालच्या झोतावर, चालवताना आपल्या बाजूचा रस्ता साधारण पन्नास-साठ मीटर नीट दिसतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला बावीस मीटर जाते. समोर काहीतरी आहे हे कळून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तर तेवढ्यात तेहतीस मीटर संपले. कोरड्या डांबरावर जोरात ब्रेक मारला तर पुढे आणखी पस्तीस-चाळीस मीटर लागतात, ओल्या रस्त्यावर साठ किंवा त्याहून जास्त. म्हणजे कोरड्या रस्त्यावर एकूण सत्तर मीटर आणि पावसात नव्वदच्या पुढे. डिपरचा उजेड साठ मीटरला संपतो. उरलेलं अंतर आपण न बघताच कापत असतो.

अप्पर लावला की शंभर मीटरच्या पलीकडचं दिसू लागतं. जादा दिव्यांची मागणी इथूनच सुरू होते: अप्परमध्येही जे दिसत नाही, ते दाखवणारं काहीतरी हवं. यात एक अडचण आहे. अंतर दुप्पट झालं की तिथे पोचणारा प्रकाश निम्मा होत नाही, चौथा हिस्सा होतो. दुप्पट लांबवर तेवढंच स्पष्ट बघायचं तर झोताची तीव्रता चौपट लागते. म्हणून लांबचा दिवा हा नुसता मोठा दिवा नसतो. प्रकाश गोळा करून अरुंद झोतात पाठवणारा तो दिवा असतो, आणि अरुंद झोत जरा जरी चुकीच्या दिशेला वळला तरी फार मोठं नुकसान करतो.

या भागात रस्त्यावर काय असतं, हेही लक्षात घ्यावं लागतं. दिवाळीच्या आसपास उसाचा गाळप हंगाम सुरू होतो. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रात्रभर कारखान्याकडे सरकत असतात. ट्रॉलीच्या मागे दिवा नसतो, असला तर लोंबणाऱ्या वाढ्यांनी झाकलेला असतो. राधानगरी, आजरा, आंबोली या पट्ट्यात गवे रस्त्यावर येतात. प्रौढ नराचं वजन हजार किलोच्या घरात जाऊ शकतं आणि त्याचं अंग इतकं काळं असतं की रात्री ते डांबरापासून वेगळं दिसत नाही. गुडघ्याखालचे पाय तेवढे पांढरे. गवा उजेडात येतो तेव्हा आधी दिसतात ते चार पांढरे पाय.

बंपरवरून जाळीमागे

जुन्या अॅम्बेसेडर आणि पद्मिनीच्या बंपरवर पिवळे जादा दिवे असायचे. नंतर मोठ्या गाड्या आल्या, त्यांच्यापुढे लोखंडी बुलबार आले आणि त्या नळ्यांवर दिव्यांच्या रांगा चढल्या. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने बुलबारवर कारवाई करण्याची सूचना राज्यांना केली. धडकेत पादचाऱ्याला ते जास्त इजा करतात, आणि गाडीचा पुढचा भाग दबून धक्का शोषायचा असतो त्यात अडथळा आणतात. एअरबॅगला धडकेची खबर देणाऱ्या सेन्सरांचं कामही त्यामुळे बिघडू शकतं. बुलबार उतरले, आणि त्यांवरच्या दिव्यांना नवी जागा हवी झाली.

जाळीमागची जागा आधी अवघड होती. हॅलोजनच्या जुन्या गोल दिव्यांचा व्यास सहा-सात इंच, पोटही खोल. एलईडीने हे बदललं. आता तीन इंचांचा चौकोनी दिवा मुठीत मावतो. दगड लागत नाही, चोर सहज काढून नेत नाही, गाडी धुताना आड येत नाही आणि बाहेरून पाहणाऱ्याला गाडी मूळचीच वाटते.

पण जाळी फुकटात काही देत नाही. तिच्या दांड्या झोत कापतात, रस्त्यावर सावल्यांच्या रेघा पडतात. मधमाशीच्या पोळ्यासारखी बारीक जाळी असेल तर बराच प्रकाश तिच्यावर आपटून आतच विखुरतो. म्हणून मिस्त्री दिवा आधी हाताने धरून, तात्पुरता चालू करून बघतात आणि दोन दांड्यांमधल्या मोकळ्या फटीसमोर त्याचा मध्य आणतात.

दिवा टांगायचा कशावर, हा पुढचा प्रश्न. जाळी प्लास्टिकची असते, तिच्यावर टांगला तर गाडी हलली की झोत नाचतो. धडक सोसणाऱ्या आडव्या बीमला नवीन भोक पाडलं तर ताकद कमी होते आणि त्या भोकातून गंज धरतो. मिस्त्रींनी कारखान्यातून आलेले बोल्ट शोधले, त्यांवर लोखंडी पट्टीचे क्लॅम्प बसवले, खाली रबरी वॉशर आणि वर लॉकनट घातले. पट्टी तिथेच भट्टीवाल्याकडून वाकवून आणली होती. नव्या गाड्यांत जास्त जपावं लागतं. एअरबॅगचे पुढचे सेन्सर याच भागात असतात आणि काहींमध्ये समोरची गाडी ओळखणारं रडार जाळीमागे किंवा कंपनीच्या चिन्हामागे असतं. त्याच्यापुढे पट्टीसुद्धा येता कामा नये. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढल्याशिवाय मिस्त्री या भागात पाना लावत नाहीत.

कायदाही इथे माहीत असायला हवा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाला छेद देणारा बदल मालकाला करता येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम १११ नुसार नोंदणी अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय पुढे स्पॉटलाइट लावता येत नाही. जाळीमागे लपवलेला दिवा या नियमांतून सुटत नाही. ज्याला तो लावायचा आहे, त्याने आधी आरटीओत विचारावं.

रिलेच्या चार पिना

दुपारपर्यंत दिवे बसले होते. काम संपलं असं मला वाटलं. मिस्त्रींच्या लेखी ते तेव्हा सुरू होत होतं.

"लाइट लावायला काय, कोण बी लावतंय," वायरचं बंडल सोडत ते म्हणाले. "ती बंद कवा हुणार, त्ये आधी ठरवाय लागतंय."

प्रश्न करंटचा आहे. ५५ वॅटचे दोन हॅलोजन दिवे १२ व्होल्टवर मिळून नऊ अँपिअरहून जास्त ओढतात. तेवढा करंट स्टिअरिंगजवळच्या दांडीच्या नाजूक संपर्कांतून नेला तर ते तापतात, काळे पडतात आणि एका रात्री मूळचे दिवेही जातात. म्हणून मध्ये रिले येतो. काडेपेटीहून लहान अशा या काळ्या डबीला चार पिना असतात. जर्मन मानकातले त्यांचे आकडे जगभर रूढ झाले आणि उद्यमनगरातल्या पोरांनाही ते तोंडपाठ असतात. ३० म्हणजे बॅटरीकडून येणारी जाड वायर, ८७ म्हणजे दिव्यांकडे जाणारी आणि ८५-८६ म्हणजे आतल्या गुंडाळीची दोन टोकं. गुंडाळीला जेमतेम सातवा हिस्सा अँपिअर लागतो. तेवढ्याने ती लोहचुंबक होते, आतली पट्टी खेचते आणि जाड वायरीतला मोठा करंट दिव्यांकडे सोडते. कानाला बारीकसा 'टक' ऐकू येतो.

गुंडाळीला हुकूम कुठून द्यायचा, यावर सगळं अवलंबून आहे. स्वस्तात काम करणारे डॅशबोर्डवर एक स्वतंत्र बटण देतात आणि त्यालाच बॅटरीचा करंट जोडतात. मग हेडलाइट डिपरवर असो की बंद असो, जाळीमागचे दिवे जळतच राहतात. समोरून गाडी आली की चालकाने दोन गोष्टी करायच्या: दांडी खाली आणि बटण बंद. अंधारात, वळणावर, दमलेला माणूस त्यातली एकच करतो.

मिस्त्री हुकूम अप्परच्या वायरीतून घेतात. हेडलाइटच्या सॉकेटमागे टेस्ट लॅम्प लावून त्यांनी अप्परची वायर ओळखली. दांडी वर गेली तरच त्या वायरीत करंट येतो आणि तरच रिले ओढला जातो. दांडी खाली केली की हेडलाइटसोबत जाळीमागचेही दिवे त्याच क्षणी विझतात. बटण त्यांनीही दिलं, पण ते या वाटेतच मध्ये. त्याने जादा दिवे कायमचे बंद ठेवता येतात. डिपरवर ते चालू मात्र करता येत नाहीत. सगळ्या कामात मला ही जोडणी सर्वांत मोलाची वाटली. समोरच्याशी नीट वागणं चालकाच्या आठवणीवर न सोडता तांब्याच्या तारेत पक्कं करून टाकलेलं आहे.

बाकीचं काम धीराचं आहे. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभर अंतरात. कारण वायर पुढे कुठे पत्र्याला घासून उघडी पडली तर फ्यूज तिच्या आधी असेल तरच आग टळते. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट. अर्थिंगसाठी बॉडीचा रंग खरवडून, चकचकीत पत्र्यावर लग घट्ट आवळून. नव्या गाडीत दिव्यांवर संगणकाची नजर असते. तिथे मूळ वायर सोलून जोड मारण्याऐवजी कनेक्टर ते कनेक्टर बसणारं हार्नेस वापरायचं.

वायरची जाडी हा सर्वांत दुर्लक्षित भाग. जाऊन-येऊन चार मीटर लांबीची अर्धा चौरस मिलिमीटर वायर नऊ अँपिअर करंटला वाटेत सव्वा व्होल्ट खाते. अडीच चौरस मिलिमीटरची वायर फक्त पाव व्होल्ट. हॅलोजनच्या बाबतीत व्होल्टेज नऊ-दहा टक्के घसरलं तर प्रकाश पाव हिश्शाहून जास्त घटतो. अनेकांना वाटतं आपले दिवे कमजोर आहेत, मग ते शंभर वॅटचा बल्ब टाकतात आणि त्याच बारीक वायरीला आणखी तापवतात. दोष वायरीचा असतो. एलईडीला करंट कमी लागतो म्हणून हा त्रास कमी, पण रिले, फ्यूज आणि अर्थिंग यांतून सुटका नाही.

भिंतीवरची खडूची रेघ

संध्याकाळी गाडी एका बंद गोदामाच्या भिंतीसमोर दहा मीटरवर उभी केली. टायरमध्ये हवा बरोबर, जमीन सपाट, चालकाच्या जागेवर मालक बसलेला. जमिनीपासून दिव्याच्या मध्याची उंची मोजून मिस्त्रींनी भिंतीवर तेवढ्याच उंचीवर खडूने आडवी रेघ मारली आणि तिच्याखाली चार बोटांवर, म्हणजे आठ-दहा सेंटिमीटरवर, दुसरी. एक दिवा कापडाने झाकून दुसऱ्याचा सर्वांत तेजस्वी ठिपका खालच्या रेघेवर आणला. मग उलट. दहा मीटरला दहा सेंटिमीटर म्हणजे एक टक्का उतार. तेवढ्या फरकाने झोत रस्त्यावर पडतो की समोरच्याच्या काचेवर, हे ठरतं.

मग त्यांनी मालकाला मागच्या सीटवर तिघांना बसवायला सांगितलं. शेजारच्या दुकानातली पोरं हसत आत चढली. मागची बाजू दबली आणि भिंतीवरचे दोन्ही ठिपके वर सरकून वरच्या रेघेपलीकडे गेले. अनेक गाड्यांत हेडलाइट खाली-वर करायचं चाक डॅशबोर्डवर असतं. ते फक्त मूळ हेडलाइट हलवतं. जाळीमागचा दिवा बॉडीला घट्ट आवळलेला, तो गाडीबरोबर वर बघू लागतो. सणाला घरी जाताना डिकी भरलेली असते आणि मागे तिघं-चौघं असतात. जादा दिवे नेमके त्याच रात्री सगळ्यांत जास्त लागतात आणि नेमके त्याच रात्री ते चुकलेले असतात. मिस्त्रींनी भरलेल्या गाडीवर झोत पुन्हा खाली बांधला. रिकाम्या गाडीत लांबचं कमी दिसेल, हे मालकाला समजावून सांगितलं.

दुकानात दिवे विकत घेताना लोक वॅट आणि ल्युमेन विचारतात. प्रकाश किती निघतो याचं ते माप आहे. तो कुठे पडतो हे त्यातून कळत नाही. ते कळण्यासाठी दिव्याची प्रयोगशाळेत कोनाकोनातून चाचणी व्हावी लागते. अशा चाचण्या आपल्याकडे पुण्याच्या वेताळ टेकडीवरच्या, १९६६ मध्ये स्थापन झालेल्या एआरएआय संस्थेत होतात. युरोपीय मानकात बसलेल्या दिव्याच्या काचेवर वर्तुळात ई हे अक्षर आणि देशाचा आकडा असतो: १ जर्मनी, २ फ्रान्स, ४ नेदरलँड्स. खूण नसलेले रुंद एलईडी पट्टे गाडीच्या अगदी पुढची दहा मीटर जमीन पांढरीफेक करतात. चालकाला वाटतं, काय उजेड आहे! पण जवळच्या चकचकाटाने बाहुली आकसते आणि लांबचा गवा आणखी अंधारात जातो.

आंबोलीत दिवे बंद

याच दिव्यांसह पावसाळी रात्री आंबोली घाटात शिरलं तर काय होतं, हे मला बघायचं होतं. आजऱ्यापर्यंत रस्ता स्वच्छ होता, सरळ पट्ट्यांवर जाळीमागच्या दिव्यांनी लांबचे दगडी पूल आणि झाडांचे पांढरे पट्टे दाखवले. आंबोली जवळ आली तसं धुकं उतरलं. मालकाने दांडी वर केली आणि पुढे सगळं पांढरं झालं. दांडी खाली केली, रस्ता परत आला.

धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असतात. ते सगळ्या रंगांचा प्रकाश जवळजवळ सारखाच विखुरतात. त्यामुळे पिवळा दिवा धुकं भेदतो ही समजूत फारशी टिकत नाही. फ्रान्समध्ये १९९३ पर्यंत गाड्यांना पिवळे हेडलाइट असत, त्यामागे डोळ्याला कमी त्रास होतो हाही विचार होता. धुक्यात खरा फरक पडतो तो दिव्याच्या उंचीने आणि झोताच्या वरच्या कडेने. झोत डोळ्यांच्या जितका जवळून निघतो, तितका विखुरलेला प्रकाश परत डोळ्यांत येतो. म्हणून फॉगलॅम्प बंपरच्या तळाशी, रुंद, आणि वरून सुरीने कापल्यासारखा सपाट झोत टाकणारा असतो. जाळीमागचा दिवा त्याहून वर असतो आणि लांब बघण्यासाठी केलेला असतो. तो फॉगलॅम्पची जागा घेऊ शकत नाही. आंबोली, आंबा, गगनबावडा, ताम्हिणी या घाटांत पावसाळ्यात तो बंद ठेवायचा.

ओल्या रस्त्याचंही तसंच. पाणी साचलेलं डांबर प्रकाश आपल्याकडे परत पाठवत नाही, पुढे ढकलतं. आपल्याला रस्ता काळाच दिसतो आणि तोच प्रकाश समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो.

समोरच्याचे डोळे

आजऱ्याच्या स्टँडवर चहाला थांबलेल्या एका एसटी चालकाशी बोलत होतो. अनेक वर्षं रात्रीच्या फेऱ्या करणारे ते गृहस्थ.

"समोरनं पांढरा झोत आला की मी डावीकडची पट्टी धरतो," ते म्हणाले. "पट्टी पुसलेली असली की गाडी जवळजवळ उभीच करतो. मागं चाळीस माणसं असत्यात वो. त्याला काय, त्यो निघून जातोय. मला दिसाय लागूस्तोवर रस्ता माझ्या हातात नसतोय."

झोत गेल्यावर नजर सावरायला काही सेकंद लागतात. ताशी ६० किलोमीटर वेगाने तीन सेकंदांत गाडी पन्नास मीटर जाते. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग धूसर होतं, आत प्रकाश जास्त विखुरतो आणि सावरायला जास्त वेळ लागतो. ओरखडे पडलेल्या काचेचं हेल्मेट घातलेला दुचाकीस्वार याहून हतबल. कडेने चालणारा माणूस तर दोन झोतांच्या मध्ये दिसेनासाच होतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १०६ म्हणूनच सांगतो: पुढचा दिवा असा हवा की आठ मीटरवर, दीड मीटर उंचीवर असलेल्या डोळ्यांना तो दिपवणार नाही. दीड मीटर म्हणजे उभ्या माणसाच्या डोळ्यांची उंची. नियम लिहिणाऱ्यांनी रस्त्यावर उभा असलेला माणूस मोजून ठेवला आहे.

हे पाहून झाल्यावर माझं मत ठाम झालं आहे. रात्री जास्त दिसावं ही गरज खरी आहे, आणि अंधाऱ्या रस्त्यांवर रोज जाणाऱ्यांना ती कुणी नाकारू नये. पण तिची निम्मी सोय दिव्यांशिवायही होते. उसाच्या ट्रॉलीमागे रेडियमची पट्टी लावली तर ती साध्या हेडलाइटमध्येही शंभर मीटरच्या पलीकडून चमकते, आणि तिचा खर्च एका एलईडी दिव्याच्या तुलनेत नगण्य आहे. कारखान्यांनी गाळपाच्या पहिल्या दिवसापासून पट्टी नसलेली ट्रॉली काट्यावर घेऊ नये. रस्त्याच्या कडेची पांढरी पट्टी दर पावसाळ्यानंतर पुन्हा रंगवली जावी. गाडीच्या फिटनेस तपासणीत दिवा लागतो का एवढंच न बघता झोत कुठे पडतो हेही बघितलं जावं.

आणि ज्याला परवानगीने, विचारपूर्वक जाळीमागे दिवे बसवायचेच आहेत, त्याने इलेक्ट्रिशियनला किती वॅटचा दिवा आहे हे शेवटी विचारावं. आधी विचारावं, हुकूम अप्परच्या वायरीतून घेणार का, फ्यूज बॅटरीजवळ देणार का, भरलेल्या गाडीवर झोत बांधून देणार का. या तीन प्रश्नांना 'हो' म्हणणारा माणूस मिळाला तर काम त्याच्याकडे द्यावं. नाही मिळाला, तर मूळचे हेडलाइट पुसून, नीट बांधून घ्यावेत आणि वेग साठ मीटरच्या उजेडात मावेल इतका ठेवावा.